पहिल्यांदा टीम-बिल्डिंगचा दिवस आखताय? उद्यमबागेतल्या अनुभवावरून काही सूचना

"यंदा आपल्याकडे टीम-बिल्डिंग करायचंय, तुम्हीच बघा" असं साहेबांनी एका सकाळी सांगितलं आणि हे काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या एका फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात) सुपरवायझर होतो आणि नुकतंच एचआरचं कामही माझ्याकडे दिलं होतं. कुणाला विचारावं, काय ठरवावं, किती पैसे मागावेत, यातलं काहीच माहीत नव्हतं. मोठ्या शहरातल्या एका संस्थेला फोन केला, त्यांनी सगळं करून दिलं, आणि तो दिवस वाया गेला. नंतर पाच वेळा हे काम केलं, त्यातले तीन दिवस खरोखर चांगले झाले. मच्छे, काकती, हत्तरगी, खानापूर इथल्या कारखान्यांत किंवा शहरातल्या एखाद्या ऑफिसात आता ज्यांच्यावर ही जबाबदारी येईल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी विचारा, नेमकं काय बिघडलंय?

सहल, ट्रेनिंग आणि टीम-बिल्डिंग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सहल म्हणजे विश्रांती. ट्रेनिंगमध्ये माणूस एखादं कौशल्य शिकतो. टीम-बिल्डिंगमध्ये माणसांमाणसांतला एखादा अडलेला व्यवहार मोकळा व्हायला हवा. साहेबांना यातलं काय हवंय ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. "सहलच हवी" असं उत्तर आलं तरी चालेल, मग निखळ सहल काढा. सहलीला टीम-बिल्डिंगचं नाव देऊन माणसांना उन्हात खेळ खेळायला लावू नका.

आमच्याकडची अडचण रिजेक्शनची होती. कास्टिंगमधला, म्हणजे ओतलेल्या तुकड्यातला, ब्लोहोल (आत हवा अडकून राहिलेलं भोक) बऱ्याचदा वरून दिसत नाही. मशीन शॉपमध्ये टूल लागून वरचा थर निघाला की तो उघडा पडतो. तोवर त्या तुकड्यावर सगळ्यांचे हात फिरलेले असतात. मशीन शॉप म्हणतं, "वाळू ओली होती." मोल्डिंगवाले म्हणतात, "कोअरला हवा जायला वाट नव्हती." कोअर म्हणजे तुकड्यातली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा. तो करणारं कोअर शॉप मेल्टिंगकडे बोट दाखवतं. चहाच्या सुट्टीत हे चार विभाग चार कोपऱ्यांत बसायचे. हे मला पहिल्या कार्यक्रमाआधी माहीत होतं, पण कार्यक्रमाचा त्याच्याशी काही संबंध असावा हे लक्षात आलं नाही.

म्हणून दोन आठवडे आधी आठ-दहा जणांशी चहाच्या वेळी एकेकट्याने बोला. वही उघडू नका, नंतर लिहा. एकच प्रश्न पुरतो, "कुणाकडून काय वेळेवर मिळालं तर तुमचं काम सोपं होईल?" उत्तरांत तेच तेच दोन-तीन मुद्दे येतात. त्यातला एक निवडा. एका दिवसात एकच गाठ सुटते.

२. यादीत कोण कोण?

कॉन्ट्रॅक्टची माणसं आणि आयटीआयचे अप्रेंटिस यांना बहुतेक ठिकाणी वगळतात. माझं स्पष्ट मत आहे की हे चूक आहे. फेटलिंगला (ओतलेले तुकडे घासून साफ करायला) निम्मी माणसं कॉन्ट्रॅक्टची असतील आणि तीच नसतील, तर ती टीम कुणाची? कंत्राटदाराशी आधी बोला, त्या दिवसाची हजेरी कोण भरणार हे लेखी घ्या, विम्याच्या यादीत त्यांची नावं घाला. बसमध्ये जागा नसेल तर दोन तुकड्या करा, पण नोटीस बोर्डावर "फक्त कायम कामगारांसाठी" असं लावू नका. ते वाचून माणूस जे मनात ठेवतो, ते वर्षभर पुसलं जात नाही.

येणं ऐच्छिक ठेवा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावणार असाल तर बदली सुट्टी कधी, हे त्याच नोटिशीत लिहा. शक्यतो कामाचाच दिवस घ्या.

३. तारीख

आपल्या भागात तारीख चुकली की सगळं चुकतं. कॅलेंडर घेऊन बसा आणि हे दिवस आधीच खोडा.

जून-जुलैमध्ये खानापूर आणि पश्चिमेकडच्या गावांत भाताची लावणी असते. निम्मे कामगार घरची शेती सांभाळून येतात, त्यामुळे तेव्हा आणि पुढे सुगीच्या दिवसांत हजेरी मुळातच कमी असते. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन रात्रभर चालतं, दुसऱ्या दिवशी कुणी डोळे उघडे ठेवू शकत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमा बघा. डिसेंबरमध्ये हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हॉटेलं भरलेली असतात आणि हलग्याकडचा रस्ता मोर्चांमुळे कधी अडेल सांगता येत नाही.

आणि १ नोव्हेंबर. एकाच शिफ्टमधल्या काहींचा तो कर्नाटक राज्योत्सव, तर सीमाप्रश्नामुळे काही मराठी लोकांचा काळा दिन. १७ जानेवारीला मराठी घरांत सीमालढ्यातल्या हुतात्म्यांची आठवण असते. या तारखा आणि त्यांच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवस मोकळे सोडा. कुणाच्याही भावनेला धक्का न लावता एकत्र यायचं असेल तर एवढी काळजी घ्यायलाच हवी.

अधिवेशन संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कोसळतो.

४. भाषा

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि बाहेरून येणाऱ्या कुठल्याच संस्थेच्या तो लक्षात येत नाही.

आमच्या पहिल्या कार्यक्रमात प्रशिक्षक इंग्रजीत बोलले, मध्ये मध्ये हिंदी. पडद्यावर इंग्रजी स्लाइड. लोक हसले, टाळ्या झाल्या, फोटो छान आले. आठवड्याने मी एका मोल्डरला सहज विचारलं, "कसं वाटलं त्या दिवशी?" तो म्हणाला, "सर, ते काय बोलायलेत मला कळलंच नाही. सगळे टाळ्या वाजवले, म्हणून मी पण वाजवलो." त्या एका वाक्याने माझी झोप उडाली. बेचाळीस माणसं आम्ही दिवसभर बसवून ठेवली होती.

आपल्या शॉपमध्ये मराठी, कन्नड, हिंदी-उर्दू, कुणी कोकणी आणि आता उत्तरेकडून आलेल्यांच्या भाषाही असतात. मशीनवर उभे असताना हीच माणसं तीन भाषा मिसळून बिनचूक काम करतात. अडचण येते ती समोर कुणी तरी एका भाषेत भाषण करायला लागलं की. म्हणून असं करा.

प्रत्येक खेळाची सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये द्या, दोन्ही वेळा तितक्याच सविस्तर. एका भाषेत पाच मिनिटं आणि दुसऱ्या भाषेत "हेच आहे" असं करू नका. कन्नड सांगायला बाहेरचा दुभाषी नको, शॉपमधलाच दोन्ही भाषा येणारा माणूस घ्या. त्याला आदल्या दिवशी सगळे खेळ समजावून सांगा. लिहून दाखवायचं असेल तर चित्र काढा. कुणाला वाचता येत नसेल तर ते चारचौघांत उघड होता कामा नये.

तुम्ही मराठी असाल तर निदान "तिळीतेनु?" म्हणजे "कळलं का?" एवढं विचारायला शिका, आणि उत्तराची वाट बघा. कन्नड सहकाऱ्याला आपल्या भाषेतून विचारलेलं ऐकलं की तो सैल होतो. उलट बाजूनेही हेच खरं आहे.

गट पाडताना एकाच भाषेचे लोक एका गटात जाऊ देऊ नका. आपण होऊन गट पाडायला सांगितलं की ते हमखास भाषेप्रमाणे किंवा गावाप्रमाणे पडतात. रंगीत चिठ्ठ्या उचलायला लावा.

५. जागा आणि गाडी

दीड तासापेक्षा लांब जाऊ नका, दिवस बसमध्ये जातो. सावली, पाणी, सपाट मैदान आणि बायकांसाठी वेगळं, कडी लागणारं स्वच्छतागृह या चार गोष्टी स्वतः जाऊन बघा. फोटोवर विश्वास ठेवू नका.

गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा आहे, बघायला सुंदरच. पण पाणी असतं तेव्हा कडेचे खडक निसरडे असतात आणि चाळीस जणांवर लक्ष ठेवणं अशक्य होतं. खानापूरच्या जंगलातले धबधबे तर वनखात्याच्या कचेरीत विचारल्याशिवाय ठरवूच नका. पाण्याची जागा टाळा असंच मी सांगेन. दांडेलीला काळी नदीतलं राफ्टिंग तरुण पोरांना हवं असतं, पण ज्यांना पोहता येत नाही ते काठावर बसून राहतात आणि टीमचे पुन्हा दोन भाग होतात. जांबोटी रस्त्यावरचं एखादं शेतघर किंवा शहरालगतचं साधं मंगल कार्यालयही पुरतं. आमचा सर्वांत चांगला दिवस कँटीनच्या मागच्या आवारात, मांडव घालून झाला.

आता सीमेवरचा खास घोळ. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र, कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात गोवा. देवरवाडीचा वैजनाथ आपल्याला घरचा वाटतो, पण तो चंदगड तालुक्यात, म्हणजे दुसऱ्या राज्यात आहे. आंबोलीचंही तेच. भाड्याच्या बसला तिकडे जायचं तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट किंवा त्या फेरीचं तात्पुरतं परमिट लागतं. ट्रॅव्हल्सवाला "होऊन जातंय" म्हणेल, तुम्ही परमिटची झेरॉक्स मागून घ्या. पांढऱ्या नंबरप्लेटची ओळखीतली गाडी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. अपघात झाला तर भाड्याने नेलं म्हणून विमा कंपनी हात वर करू शकते.

६. प्रशिक्षक हवा का?

दरवेळी नको. बोलवायचाच असेल तर फोनवर तीन प्रश्न विचारा. कारखान्यात किती वेळा काम केलंय? आधी एक दिवस येऊन शॉप फ्लोअर बघणार का? कार्यक्रमानंतर महिन्याने परत येणार का? दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणणारा माणूस घेऊ नका. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च धरलाय की वेगळा, हे लेखी घ्या. आमचं पहिलं बिल ठरल्यापेक्षा बरंच फुगलं ते इथेच.

आत्मविकासाच्या नावाखाली चालणाऱ्या काही गोष्टींना सरळ नकार द्या. सगळ्यांसमोर बालपणीचं दुःख सांगायला लावणं, घरच्यांना फोन करून माफी मागायला लावणं, दिवे मालवून रडवणं. 'जोहारी खिडकी' ही १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी मांडलेली चांगली कल्पना आहे. आपल्याला स्वतःबद्दल माहीत असलेलं आणि दुसऱ्यांना आपल्याबद्दल दिसणारं, यांचा मेळ घालून बघायची ती चौकट. पण त्यातला झाकलेला कप्पा उघडायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. साहेबांसमोर उघडायला लावलेला कप्पा पुढे कँटीनमध्ये चघळला जातो.

निखाऱ्यांवरून चालणं तर नकोच. २००१ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका मोठ्या कंपनीच्या अशाच कार्यक्रमात डझनभर लोकांचे पाय भाजले होते. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हाही खेळ बंद करा. आमच्याकडे त्यात एकाचं मनगट मुरगळलं आणि तो पंधरा दिवस ग्राइंडरवर उभा राहू शकला नाही.

७. खेळ, दोनच पण नीट

काड्यांचा मनोरा. मूळ खेळ स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड दोरा, एक यार्ड चिकटपट्टी आणि एका मार्शमेलोचा (मऊ गोड गोळीचा). पीटर स्किलमन यांनी तो रचला आणि २०१० मध्ये टॉम वुजेक यांनी टेड या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून जगभर पोहोचवला. चौघांनी १८ मिनिटांत उभा राहील असा उंचात उंच मनोरा करायचा आणि टोकावर मार्शमेलो ठेवायचा. आपल्याकडे खराट्याच्या काड्या घ्या आणि वर लहान लिंबू. काड्या वाकतात, म्हणून आधी घरी करून बघा आणि किती लागतात ते ठरवा.

गंमत अशी की बहुतेक गट मनोरा पूर्ण करतात आणि शेवटच्या मिनिटाला लिंबू ठेवतात. ते ठेवताक्षणी सगळं कोसळतं. पहिल्या पाच मिनिटांतच लिंबू ठेवून बघणारे जिंकतात. आमच्याकडे एका गटाचा मनोरा असा पडला आणि मशीन शॉपचा एक ऑपरेटर म्हणाला, "हे आपल्या कास्टिंगसारखंच झालं की. शेवटला बघायचं आणि मग भांडायचं." मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. त्यानंतर अर्धा तास लोक ब्लोहोलवर बोलले, कोपरे सोडून, एका सतरंजीवर.

डोळ्यांवर पट्टी बांधून दोरीचा चौकोन. दहा जण, पंधरा मीटर दोरी, सपाट जमीन. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, दोरीला हात लावून नीट चौकोन करायचा. दुसऱ्या फेरीत एकाची पट्टी काढा. तो सूचना देणार, पण आपल्या मातृभाषेत नाही. मराठी माणसाने कन्नडमध्ये सांगायचं, कन्नड माणसाने मराठीत. शब्द अडला तर गट मदत करणार. आमच्या कोअर शॉपचे एक वयस्क कन्नड मामा मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नसत. त्यांनी त्या दिवशी "थोडं मागं या, साकु साकु, आता बसा" असं मिश्र मराठीत सांगत (कन्नडमध्ये 'साकु' म्हणजे पुरे) चौकोन बसवला. पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं.

खेळानंतर बोलायला खेळाइतकाच वेळ ठेवा. घाई करणाऱ्यांना हाच भाग कापायचा मोह होतो.

भांडण झालं तर घाबरू नका. ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये गटांच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यात जमणं, मग खटके उडणं, मग रीत बसणं आणि मग काम, असा क्रम आहे. खटके हा त्यातला एक टप्पाच आहे. आवाज चढला तर पाणी द्या, दहा मिनिटं थांबा, पण विषय झाकू नका.

८. कागदपत्रं आणि सामान

कागदांची फाइल आदल्या संध्याकाळी पूर्ण हवी.

- येणाऱ्यांची यादी, रक्तगट आणि घरच्यांचे फोन नंबर
- ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डांच्या झेरॉक्स, आणि एक दिवसाच्या गट अपघात विम्याची पावती
- बसचं परमिट, विमा, फिटनेस, ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत
- मराठी आणि कन्नडमधली नोटीस, साहेबांच्या सहीची
- कंत्राटदाराचं हजेरीचं पत्र
- जागामालकाची पावती
- फोटोसाठी संमती (ज्यांना नको, त्यांचे फोटो काढायचे नाहीत)

रक्तदाब, साखर, गुडघेदुखी, गरोदरपण यांची चौकशी खाजगीत करा, यादी फिरवून नाही. प्रथमोपचार पेटी, ओआरएस, दोऱ्या, पट्ट्या, चिठ्ठ्या, सतरंज्या हे सामान एका माणसाच्या ताब्यात द्या.

आणखी एक गोष्ट. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात कंपनीने पुरवलेली गाडी आणि कामानिमित्त गेलेली जागाही 'कामाची जागा' धरली आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. समितीच्या एक सदस्या सोबत असू द्या आणि त्यांचा नंबर बसमध्ये सगळ्यांना सांगा. दारू नको. परत यायची वेळ उजेडातली ठेवा.

९. जेवण

शुद्ध शाकाहारीसाठी वेगळी चूल किंवा निदान वेगळी भांडी आणि वेगळं वाढप. उपवासवाले किती, आधी विचारा. मांसाहार ठेवणार असाल तर हलालबद्दलही विचारा. एवढा व्याप नको असेल तर सगळ्यांना शाकाहारी जेवण आणि शेवटी गोडाला बेळगावचा कुंदा, कुणाची तक्रार येत नाही. साहेब लोकांची वेगळी पंगत मात्र बसवू नका. त्यांनीच वाढायला उभं राहावं, अशी विनंती मी दरवेळी करतो.

१०. परत आल्यावर

इथे बहुतेक जण थांबतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना आवडलं का, काही शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी निकालात फरक पडला का. आपण जेवणानंतर फॉर्म भरून घेतो, तेवढी पहिलीच पायरी होते.

त्याच आठवड्यात एक छोटी, दिसणारी गोष्ट बदला. जपानमध्ये काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ पासून क्वालिटी सर्कल सुरू झाली, म्हणजे कामगारांनी स्वतःच्या कामातली अडचण स्वतः एकत्र बसून सोडवायची. तेच लहान प्रमाणावर करा. आम्ही दर गुरुवारी पाळी बदलताना वीस मिनिटं ठरवली. मशीन शॉपमध्ये उघडे पडलेले खराब तुकडे टेबलावर ठेवायचे आणि मोल्डिंग, कोअर, मेल्टिंग, मशीन शॉप या चौघांचा एकेक माणूस भोवती उभा राहायचा. "कुणी केलं?" हा प्रश्न तिथे विचारायचा नाही, "कुठे झालं?" एवढाच विचारायचा. सुरुवातीला मला सगळ्यांना हाका मारून बोलवावं लागायचं. दोन महिन्यांनी एका गुरुवारी मी बँकेच्या कामाला गेलो होतो. परत आलो तर टेबलाभोवती सहा जण उभे होते, कोअर शॉपचे मामा हातात तुकडा फिरवून एका मराठी अप्रेंटिसला भोक दाखवत होते आणि तो त्यांना कन्नडमध्ये विचारत होता.

महिन्याने, आणि मग तिसऱ्या महिन्याला, सुरुवातीला ज्या आठ-दहा जणांशी बोलला होतात त्यांच्याकडेच परत जा. तोच प्रश्न पुन्हा विचारा. उत्तरं आधीच्या वहीतल्या पानासमोर लिहा आणि ते पान साहेबांना दाखवा. पुढच्या वर्षीचा खर्च मंजूर करून घ्यायला मला दुसरा कुठलाच कागद लागलेला नाही.